कंत्राटदार बदलला, यूएएन तोच

मुंबई-गोवा महामार्गावर सुकेळी खिंड उतरली की खांब लागतं. रोहा तालुक्यातलं हे गाव आपल्या मनुष्यबळ व्यवसायाच्या दृष्टीने अगदी मोक्यावर आहे. उत्तरेला सुकेळीचा पाइपचा कारखाना आणि त्यापुढे नागोठण्याचं पेट्रोकेमिकल संकुल. दक्षिणेला कोलाड, तिथून रोह्याकडे वळलं की धाटावची रासायनिक वसाहत. आणखी वर, पेण तालुक्यात, डोलवीचा पोलाद कारखाना. या पट्ट्यात एकाच घरातला थोरला भाऊ कंपनीत कायम, धाकटा त्याच कंपनीत कंत्राटी आणि धाकट्याची बायको हंगामात गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला, असं सर्रास दिसतं.

कर्मचाऱ्यांना त्यांचे लाभ समजावून सांगणं आणि निवडायला मदत करणं, हा विषय आपल्या परिषदांमध्ये निघाला की बोलणं लगेच हिंजवडी आणि ऐरोलीकडे वळतं. विम्याचे तीन प्लॅन, जेवणाची कुपनं, मोबाइलवरचं रंगीत ॲप. खांबच्या नाक्यावर बसची वाट बघणाऱ्या माणसापुढे असला मेनू कधी येत नाही. तरीही तो निवड करतोच, आणि त्याची निवड हिंजवडीवाल्यापेक्षा कितीतरी महाग असते. फक्त आपण काही निवडलं, हे त्याला ठाऊक नसतं.

कंत्राट बदलण्याचा प्रसंग घ्या. गेट तेच, मशीन तेच, सुपरवायझर तोच. पासवरचं कंत्राटदाराचं नाव तेवढं बदललं. जुन्या कंत्राटदाराचा क्लार्क फुल अँड फायनलच्या कागदांबरोबर सांगतो, "फंड काढून घे, नंतर लफडं नको." मग भविष्य निर्वाह निधीचा, म्हणजे फंडाचा, फॉर्म 19 आणि त्याच्या जोडीला पेन्शनचा 10सी भरला जातो. 10सी मध्ये दोन वाटा असतात: रोख रक्कम किंवा सेवेची वर्षं जपणारं स्कीम सर्टिफिकेट. दुसऱ्या वाटेबद्दल कोणी बोलत नाही. खरं तर नव्या कंत्राटदाराकडे तोच यूएएन, म्हणजे फंडाचा कायमचा क्रमांक, चालत असेल, तर हा फॉर्म भरायचीच गरज नसते, खातं ट्रान्सफर करायचं असतं.

आता हिशेब मांडू. मालकाच्या 12 टक्क्यांतले 8.33 टक्के कर्मचारी पेन्शन योजनेत जातात. 15,000 रुपयांच्या मर्यादेवर ते महिन्याला 1,250 रुपये होतात. सूत्र साधं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले 70. या मर्यादेवरच्या कामगाराची सलग 18 वर्षं धरली, तर वयाच्या 58 व्या वर्षापासून महिना 3,857 रुपये. तो गेल्यावर पत्नीला निम्मं, शिवाय 25 वर्षांखालच्या दोन मुलांना प्रत्येकी तिच्या पेन्शनचा पाव हिस्सा. त्याच माणसाने दर सहा वर्षांनी कंत्राट बदलताना पेन्शनची रक्कम उचलली, तर दर वेळी हाती लाखाच्या आसपास येतात आणि सेवा पुन्हा शून्यावर. तीन वेळा मिळून तीन लाखांच्या आत-बाहेर. आणि 58 व्या वर्षी पेन्शन काहीच नाही, कारण दहा वर्षांची अट एकदाही पुरी झालेली नाही. सहा महिने किंवा जास्त झालेलं वर्ष पूर्ण धरलं जात असल्याने साडेनऊ वर्षांवरही अट पुरी होते. नऊ वर्षं झाल्यावर पैसे उचलणाऱ्याला हे कोणीतरी आधी सांगायला हवं. आपल्याशिवाय ते कोण सांगणार?

फंड काढणारा माणूस मूर्ख नसतो. बहिणीचं लग्न असतं, पावसाळ्याआधी घरावर पत्रे टाकायचे असतात, आईचं ऑपरेशन असतं. घर, आजारपण, लग्न यांसाठी खातं न मोडता भविष्य निर्वाह निधीतून पैसे मिळू शकतात, हे त्याला माहीत नसतं. माहीत असलं तरी आधारवरचं आणि फंडावरचं नाव जुळत नसतं, जन्मतारखेत फरक असतो, जुन्या मालकाने नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नसते. ट्रान्सफर अडकतं ते इथे. आपण मात्र अज्ञानाचा ठपका त्याच्यावर ठेवून मोकळे होतो. ऑक्टोबर 2025 मध्ये ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने पेन्शनची रक्कम काढण्याआधी थांबण्याची मुदत दोन महिन्यांवरून 36 महिन्यांवर नेण्याचा निर्णय घेतला. 'आमचेच पैसे अडवले' अशी बोंब त्यावर झाली. निर्णय योग्यच आहे. पण तो कामगाराला समजावण्याऐवजी नुसता नोटीस बोर्डावर डकवला, तर ती बोंब आपण ओढवून घेतलेली असेल.

दुसरी न कळत होणारी निवड नॉमिनीच्या रकान्यात असते. एकविसाव्या वर्षी लागलेला मुलगा आईचं नाव लिहितो. पुढे लग्न होतं, मुलं होतात, रकाना तसाच राहतो. लग्नानंतर फंडासाठी नवं नामांकन करावं लागतं, आधीचं ग्राह्य धरलं जात नाही. ग्रॅच्युइटीचा फॉर्म एफ वेगळा, कंपनीच्या गट विम्याचं नामांकन आणखी वेगळं. तीन कागदांवर तीन नावं निघाली की त्या घरातली सासू आणि सून एकमेकींपुढे उभ्या राहतात आणि आपलं टाइम ऑफिस कोर्टाची पायरी होतं.

सेवेत असताना माणूस गेला, तर ईडीएलआय या फंडाशी जोडलेल्या विमा योजनेतून कुटुंबाला सात लाखांपर्यंत रक्कम मिळते. त्यासाठी कामगाराच्या पगारातून एक पैसा कापला जात नाही, मालक अर्धा टक्का भरतो. कदाचित म्हणूनच ती पगाराच्या स्लिपवर दिसत नाही आणि कोणाला आठवतही नाही. विधवा पेन्शनला तर दहा वर्षांची अट नाही. सेवेत असताना मृत्यू झाला तर एका महिन्याची वर्गणीसुद्धा पुरते. हे वाक्य प्रत्येक कंत्राटी कामगाराच्या बायकोला तोंडपाठ असलं पाहिजे. कामगाराला सांगून भागणार नाही, कारण हा दावा करायला तो नसणार आहे.

तिसरी जागा पगारवाढीच्या पत्रात लपलेली असते. राज्य कामगार विम्याची, म्हणजे ईएसआयची, पगारमर्यादा 1 जानेवारी 2017 पासून 21,000 रुपये आहे. 20,800 चे 21,500 झाले की माणूस पेढे वाटतो. चालू वर्गणीकाळ संपला की त्याची ईएसआयची कपात (20,800 वर महिन्याला 156 रुपये) थांबते आणि त्याला जोडलेला लाभकाळ संपला की कुटुंबाचं उपचारांचं छत्रही जातं. आजारपणाच्या रजेतली 70 टक्के भरपाई जाते, कामावर जखमी झाल्यास मिळणारी 90 टक्केही. दवाखान्याच्या अंतराबद्दल आणि रांगेबद्दल आपल्या भागात कितीही बोटं मोडली जात असली, तरी मोठ्या आजारात ईएसआयच्या तोडीचं काही त्या पगारात विकत मिळत नाही. पगारवाढीच्या पत्राबरोबर गट मेडिक्लेमचा फॉर्म दिला का, त्यात आई-वडील घ्यायचे की नाही हे विचारलं का, खोलीभाड्यावर मर्यादा आहे का ते सांगितलं का? 1 जुलै 2024 पासून महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं पाच लाखांचं कवच राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांना आहे, हेही त्याच बैठकीत सांगण्यासारखं आहे. आई-वडिलांचा हप्ता परवडत नसेल, तर निदान ते कार्ड तरी घरात तयार असावं.

याच्या तुलनेत आपले तास कुठे जातात ते पाहा. दर एप्रिलमध्ये जुनी करप्रणाली की नवी, यावर प्रोजेक्टर लावून व्याख्यानं होतात. आर्थिक वर्ष 2025-26 पासून नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नसल्याने आपल्या शॉप फ्लोअरवर हा प्रश्न जवळपास निकालात निघालेला आहे. तरी व्याख्यान होतंच, कारण व्याख्याता आणि आपण दोघेही त्या करात बसतो!

न निवडणं हीसुद्धा निवड असते, हे जगभर पाहिलं गेलंय. ब्रिटनने 2012 पासून कामगारांना पेन्शनमध्ये आपोआप दाखल करायला सुरुवात केली. नको असेल त्याने बाहेर पडावं. बहुतेक लोक आतच राहिले. आपल्याकडे फंड सक्तीचा असल्याने आत येण्याचा प्रश्न नाही. बाहेर पडण्याची दारं मात्र वाटेत बरीच उघडी आहेत आणि प्रत्येक दारापाशी फॉर्म घेऊन कोणीतरी उभा आहे.

मर्यादेऐवजी प्रत्यक्ष पगारावर मिळणाऱ्या वाढीव पेन्शनचा अनुभवही विसरू नका. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 4 नोव्हेंबर 2022 चा. पर्याय देण्याची मुदत वाढत वाढत 11 जुलै 2023 वर गेली. त्या आठ महिन्यांत लोक विचारत होते, "साहेब, भरू की नको?" पेन्शन वाढवायची तर फंडातले लाखो रुपये परत वळते करायचे होते, कोणाला ते फायद्याचं होतं, कोणाला अजिबात नव्हतं. वय, प्रकृती, बायकोचं वय, डोक्यावरचं कर्ज हे सगळं बघून एकेकाचं उत्तर वेगळं निघत होतं. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी 'तुमचं तुम्ही ठरवा' म्हणून हात वर केले, काहींनी सरसकट 'भराच' म्हटलं. दोन्ही चूक. आकडे मांडून द्यायचे, दोन्ही बाजूंचे, त्याच्या स्वतःच्या पगारावरचे. आणि सही त्याच्यावर सोडायची. कँटीनमध्ये टेबल टाकून बसणाऱ्या विमा एजंटाला हे काम देऊ नये, तो समजावतो तेव्हा विकत असतो.

आता चार श्रमसंहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या आहेत. मुदतबंद नेमणुकीवरच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आला. 'हातात येणारा पगार घटणार का?' हा प्रश्न गेटवर रोज ऐकू येतो. ज्याचा फंड 15,000 च्या मर्यादेवरच कापला जातो, त्याची फंडाची कपात नव्या वेतनव्याख्येमुळे वाढत नाही, हे स्लिप हातात घेऊन त्याच्या त्याला दाखवा. त्याच स्लिपमध्ये जून आणि डिसेंबरला महाराष्ट्र कामगार कल्याण निधीची छोटी कपात असते. तिच्या बदल्यात मुलांना शिष्यवृत्ती आणि पाठ्यपुस्तकांसाठी मदत मिळू शकते, हेही दोन वाक्यांत सांगून होतं. मराठीतून सांगा, धाटाव-डोलवीला आलेल्या उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाच्या माणसांना हिंदीतून. वर्षातून एकदा घरच्या माणसांना बोलवा. गणपती आणि शिमग्याच्या तोंडावर बोलावू नका, कोणी येणार नाही.

रायगडमधल्या वाचकांना एवढंच सांगणं आहे: येत्या काळात तुमच्या कारखान्यात एखादं कंत्राट संपत असेल, तर आजच त्या कामगारांची यादी मागवा. प्रत्येकाची सोडल्याची तारीख भरली आहे का, नव्या कंत्राटदाराकडे तोच यूएएन जोडला आहे का, नामांकन ताजं आहे का, हे तपासा. मुख्य मालक म्हणून फंडाची अंतिम जबाबदारी तुमच्या कंपनीवर आहेच. हे पुरं होईपर्यंत जुन्या कंत्राटदाराचं शेवटचं बिल सोडू नका.