चाक बसेल का?
दोस्तांनो, बीएमडब्ल्यूची २००० साली आलेली ई-४६ एम-थ्री म्हणजे वाऱ्याशी शर्यत! तिच्या चाकाला पाच बोल्ट. ते ज्या वर्तुळावर बसतात, त्याचा व्यास १२० मिलिमीटर. मर्सिडीजच्या बहुतेक मोटारींनाही पाचच बोल्ट, पण वर्तुळ ११२ चं. म्हणजे ते चाक कितीही ऐटबाज दिसो, इथे बसायचं नाही! मधलं भोक ७२.६ मिलिमीटरचं हवं. मोठं असेल तर आत कडं घालतात, नाहीतर वेगात स्टिअरिंग थरथरू लागतं. आणि बोल्ट ओळीने आवळायचे नाहीत हं! एक सोडून एक, आपण वहीत चांदणी काढतो तसे. तरच चाक सरळ बसतं. शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे. बाबांच्या गाडीला चारच बोल्ट आहेत? मग समोरासमोरचे आवळा.