विश्वास आणि विवेक

आषाढीच्या वारीस तुकोबांची पालखी बारामती-इंदापूरच्या वाटेने पंढरीस जाते. अनोळखी वारकऱ्यास ‘माउली’ म्हणून घरात घ्यावे, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा, ही या गावांची रीत. रीत थोर खरी. परंतु भामटे अशा विश्वासाचाच फास करतात.

मोबाइलवर निरोप येतो : ‘‘अभिनंदन! आपणांस ‘कौन बनेगा करोडपती’ची २५ लाखांची लॉटरी लागली आहे.’’ सोबत खोटा शिक्का मारलेले प्रमाणपत्र असते. मग करापोटी काही हजार रुपये आधी मागतात आणि ‘कोणास सांगू नका’ असे बजावतात. दारी आलेली लक्ष्मी परत कशी लावावी, या भावनेने भोळी माणसे पैसे धाडतात. आणि फसल्यावर ‘लोक काय म्हणतील?’ म्हणून गप्प बसतात. त्या मौनाने चोराचेच फावते.

तिकीटच काढले नाही, तर बक्षीस कसले? खऱ्या लॉटरीचा कर बक्षिसातूनच कापला जातो. पैसे मिळण्यासाठी गुप्त पिन क्रमांक कधीच द्यावा लागत नाही.

मग विश्वास सोडून द्यावा काय? मुळीच नाही. दारी आलेला माणूस डोळ्यांना दिसतो, यंत्रामागचा दिसत नाही. एवढा भेद मात्र ओळखावा. शिकलेल्या मुलांनी असे निरोप घरातील वडीलधाऱ्यांस नीट समजावून द्यावेत. कोणी फसलेच, तर त्यास न रागावता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. वेळीच कळविल्यास पैसे बँकेत अडविता येण्याचा संभव असतो. लाज चोरास वाटावी, फसलेल्यास नव्हे.