लाज बांधावर ठेवा



रात्री पाणी धरायला उठावे तसे लघवीला तीन-चारदा उठणारे आपल्यात पुष्कळ आहेत. "वय झालं, चालायचंच," म्हणून सोडून देतात. पन्नाशीनंतर प्रोस्टेट ग्रंथी वाढते, धार बारीक होते, हे बहुतेकांना ठाऊक आहे. पण या त्रासाबरोबर अनेकांची ताठरताही घटते, हे कोणी बोलत नाही. अमेरिका व युरोपातील सहा देशांतल्या ५० ते ८० वयाच्या १२ हजारांवर पुरुषांची पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली. लघवीचा त्रास जितका जास्त, तितकी संबंधातली अडचण जास्त, असे तीत दिसले. वय, मधुमेह, रक्तदाब यांचा हिशेब वेगळा काढला तरी तेच.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे : डॉक्टरांना एक तक्रार सांगून दुसरी झाकू नका. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनीही इच्छा कमी होते. सगळे ठाऊक असेल तरच डॉक्टर योग्य गोळी निवडतील. रक्तातली साखर आणि रक्तदाबही तपासून घ्या. ऊस पिवळा पडला की आपण मुळाशी उकरून पाहतो, पानाला रंग देत नाही. बाजारच्या तंबूतली ताकदीची पुडी म्हणजे पानाला रंगच! आणि कारभारणीला विश्वासात घ्या. घरातला अबोला लपवालपवीनेच वाढतो.

– ऊस विकास अधिकारी