निरसे दूध

कार्तिकी एकादशीला मराठी मन पंढरपूरकडे लागते. छत्तीसगडात त्याच दिवसापासून, म्हणजे देवउठनीपासून, राऊत नाचाला रंग चढू लागतो. कवड्या लावलेले अंगरखे, हातात लाठ्या, गडवा बाजा आणि मध्येच उंच स्वरात टाकलेला दोहा. आपल्या कानाला राऊत हे आडनाव वाटते. इथे ते गुरे राखणाऱ्या, दूध घालणाऱ्या समाजाचे नाव आहे. याच दिवसांत 26 नोव्हेंबरही येतो. तो व्हर्गिस कुरियन यांचा जन्मदिवस, आणि 2014 पासून राष्ट्रीय दूध दिन. या दिवशी सत्कार बहुधा मोठ्या डेअऱ्यांचे होतात. आम्हाला आज दारात येणाऱ्या दूधवाल्याबद्दल लिहायचे आहे.

भिलाईत पहिल्या पाळीची माणसे कारखान्याकडे निघतात, त्याच सुमारास दुधाचे कॅन लटकवलेल्या मोटारसायकली सेक्टरांत शिरतात. काही आसपासच्या गावांतून येतात, काही शहरातल्याच खटालांतून. खटाल म्हणजे म्हशींचा गोठा. कॅनमधले दूध निरसे असते, न तापवलेले. त्यात क्षयाचे किंवा ब्रुसेलाचे जंतू असू शकतात, आणि त्यांचा बंदोबस्त होतो तो आपल्या गॅसवर. हे काम पिढ्यान्‌पिढ्या घरातल्या बायका करत आल्या. अन्नसुरक्षेच्या चर्चेत त्याची दखल सहसा घेतली जात नाही.

कॅनडाने 1991 मध्ये निरसे दूध विकायला बंदी केली, स्कॉटलंडने 1983 मध्ये. आपल्याकडे तशी बंदी नाही, आणि ती असू नये असेच आमचे मत आहे. दूध उकळूनच प्यायचे हा जिथे रिवाज आहे, तिथे बंदी घातली तर दोन म्हशींवर घर चालवणारा तेवढा उठेल. आपल्या कायद्याने वेगळी वाट धरली. 2006 चा अन्नसुरक्षा कायदा आणि 2011 चे नियम यांनुसार, दिवसाला 500 लिटरपर्यंत दूध हाताळणाऱ्या छोट्या विक्रेत्याला परवाना लागत नाही, नोंदणी पुरते. तिचे शुल्क वर्षाला 100 रुपये ठरले. आपले सगळे दूध सहकारी संस्थेला घालणाऱ्या सभासद शेतकऱ्याला तर तीही नको.

वाट चांगली आहे, पण नोंदणी म्हणजे तपासणी नव्हे. 2011 साली देशभर दुधाचे 1,791 नमुने तपासले, त्यांतले 68.4 टक्के ठरलेल्या प्रतीत बसले नाहीत. छत्तीसगडचा एकही नमुना बसला नाही. गोव्याचे सगळे बसले. दोष मुख्यतः पाण्याचा होता. 2018 च्या मोठ्या सर्वेक्षणात 6,432 नमुन्यांपैकी उघड भेसळीचे फक्त 12 निघाले, ही दिलाशाची गोष्ट. मात्र 5.7 टक्क्यांत अफ्लाटॉक्सिन मर्यादेपेक्षा जास्त होते, आणि तेही पिशवीच्या दुधात अधिक. बुरशी लागलेल्या पेंडीतून, चाऱ्यातून हे विष जनावराच्या पोटात आणि तिथून दुधात उतरते. ते उकळून जात नाही. आजारी म्हशीला टोचलेल्या प्रतिजैविकाचा अंशही उकळण्याने हमखास जाईल असे नाही. म्हणजे घरच्या चुलीची हद्द संपते तिथून सरकारचे काम सुरू व्हायला हवे.

ते काम आज कसे चालते? सणासुदीला पथक निघते, नमुना घेतला जातो, त्याचे चार भाग होतात, त्यात फॉर्मॅलिन टाकून ते मोहोरबंद करतात. विश्लेषकाने 14 दिवसांत अहवाल द्यायचा असतो. खटल्यासाठी हे आवश्यकच आहे. पण ज्या घरात ते दूध गेले, तिथे त्याची खीर होऊन भांडीही घासून झालेली असतात. लॅक्टोमीटरवर विसंबावे, तर साय काढून बेताने पाणी घातलेल्या दुधातही तो नेमका आकडा दाखवू शकतो.

तपासणी जमत नसेल तर खटालच शहराबाहेर काढा, असे म्हणणे सोपे असते. मुंबईने म्हशी शहराबाहेर नेल्या होत्या, पण कशा? 1949 मध्ये आरे वसाहत उभी राहिली. दारा खुरोडी यांच्या त्या योजनेत म्हशींची मालकी गवळ्यांकडेच राहिली. सरकारने गोठे दिले, पशुवैद्य दिले आणि दूध विकत घेतले. आधी जागा आणि गिऱ्हाईक, मग नियम, असा तो क्रम होता. भिलाईत खटालवाल्याला उठवायचे असेल तर तो कुठे जाणार आणि त्याचे दूध कोण घेणार, हे आधी सांगावे लागेल.

तोवर एक तरतूद हाताशी आहे. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 40 प्रमाणे ग्राहकाला स्वतः दूध तपासून घेता येते. विक्रेत्याला तिथल्या तिथे तसे सांगायचे, शुल्क भरायचे. दूध नियमात न बसल्यास शुल्क परत मिळते. पण अर्धा लिटर दुधासाठी रोजच्या दूधवाल्याशी कोण असे वैर घेईल? म्हणून हे काम सरकारनेच, वैर न धरता करावे. फिरत्या प्रयोगशाळा देशात आहेत. त्यांतली एक महिन्यातून एका सकाळी सहा वाजता भिलाईच्या सुपेल्यात उभी करा, दुसऱ्या महिन्यात पॉवर हाऊसला. कॅन घेऊन येईल त्याचे दूध फुकट तपासा, आकडा त्याच्या हातात द्या, म्हशीची पेंड कशी साठवायची ते सांगा, आणि नोंदणीचा क्रमांक ठळक रंगाने त्याच्या कॅनवर लिहून द्या.