वर्गणीच्या पुढचा पैसा
पांढुर्ण्याच्या कलेक्टर साहेबांना खुले पत्र

मा. कलेक्टर साहेब,
जिल्हा पांढुर्णा, मध्यप्रदेश



रस्ता, दवाखाना, पाण्याची टाकी यांसाठी अर्ज करणारे आमच्याकडे भरपूर आहेत. दर मंगळवारी जनसुनवाईत ते तुमच्यासमोर उभे असतात. हे पत्र त्यांच्यासाठी नाही. जे रांगेत कधी येत नाहीत त्यांच्यासाठी आहे: गावात अभ्यासिका चालवणारी पोरं, रक्तदात्यांची यादी मोबाइलमध्ये बाळगणारा एखादा दुकानदार, म्हाताऱ्यांना डोळे तपासायला नागपूरला घेऊन जाणारं मंडळ, अपंग मुलांच्या आयांचा गट. सरकारनं काम करून द्यावं असं ही माणसं म्हणत नाहीत. काम ती करतातच. त्यांना थोडा पैसा हवा आहे, आणि तो कुठून मागायचा हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

आमच्या गावांना पैसा गोळा करता येत नाही, असा समज मात्र होऊ देऊ नका. सप्ताह बसला, भंडारा ठरला, गणपती आला की चार पोरं पावतीपुस्तक घेऊन निघतात आणि संध्याकाळपर्यंत किराण्याची सोय होते. संत्र्याचा सौदा चांगला झालेला असेल तर बागवाला मागण्याआधीच आकडा सांगतो. तीच पोरं अभ्यासिकेच्या भाड्यासाठी त्याच दारात गेली की घरधनी म्हणतो, "पुढच्या महिन्यात पाहू." यात कंजुषी नाही. महाप्रसाद एका दिवसात होतो आणि सगळ्यांच्या पानात पडतो. भाडं दर महिन्याला येतं आणि कुणाच्या पानात दिसत नाही. वर्गणी सणाला पुरते, संस्थेला पुरत नाही. संस्था चालवायला वर्गणीच्या पुढचा पैसा लागतो. तो या जिल्ह्यात नाही असंही नाही.

कंपनी कायदा 2013 चं कलम 135 एप्रिल 2014 पासून लागू आहे. 500 कोटींची नक्त मालमत्ता, 1,000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा निव्वळ नफा, यांतलं एक जरी असलं तरी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के समाजाच्या कामावर (सीएसआर) खर्च करावे लागतात. कारखाना जिथे चालतो त्या भागाला प्राधान्य द्यावं, असंही त्याच कलमात लिहिलं आहे. बोरगावचं औद्योगिक क्षेत्र आमच्या सौंसर तहसिलीत आहे. रेमंडचा कापडाचा कारखाना तिथेच आहे, इतरही उद्योग आहेत. शिफ्टच्या बसेस आमच्याच गावांवरून जातात. आता, स्थानिक प्राधान्याची ही अट बंधनकारक नाही, मार्गदर्शक आहे, असा खुलासा केंद्राच्या कंपनी मंत्रालयानं 2021 मध्ये केला. पैसा कुठे द्यायचा ते कंपनीचं संचालक मंडळ ठरवतं, सरकार नाही. म्हणजे तुम्ही हुकूम काढू शकत नाही. पण बोलावू शकता. कलेक्टरनं चहाला बोलावलं तर या देशात अजून तरी कोणी नाही म्हणत नाही.

बोलावलं तरी अडचण पुढेच आहे. कंपनीनं विचारलं, "कुणाला देऊ?", तर आपल्याकडे दाखवायला कोण आहे?

एप्रिल 2021 पासून असा पैसा घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-1 हा फॉर्म भरून क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी संस्था नोंदलेली हवी, आयकर खात्याची 12अ आणि 80जी ही करसवलतीची दोन्ही प्रमाणपत्रं हवीत आणि त्याच प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. फॉर्मवर डिजिटल सही लागते, वर सीए, कंपनी सेक्रेटरी किंवा कॉस्ट अकाउंटंटचा दाखला. बहुतेक सरकारी अनुदानांसाठी नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक लागतो तो निराळाच. यातली एकही अट चुकीची नाही. लोकांचा पैसा आहे, तो कुणाच्याही हाती देऊन चालत नाही. पण या सगळ्या अटी दिल्लीच्या कार्यालयात बसून लिहिल्या आहेत. तिथे सीए त्याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर असतो. इथल्या मंडळाचा अध्यक्ष शिक्षक असतो, सचिव पटवाऱ्याचा भाचा असतो आणि कोषाध्यक्षाकडे चाव्या असतात. एमपी ऑनलाइनच्या कियोस्कवर जातीचा दाखला निघतो, समग्र आयडी दुरुस्त होते, खसरा-खतौनी मिळते. 12अ म्हटलं की कियोस्कवाला नागपूरकडे बोट दाखवतो.

त्यात आपला जिल्हा नवा. आमच्या जुन्या संस्थांच्या नोंदणीच्या कागदावर जिल्हा छिंदवाडा, पॅनवर छिंदवाडा, बँकेच्या पासबुकावर छिंदवाडा, आणि अर्जावर आता लिहायचं पांढुर्णा. नकाशा एका अधिसूचनेनं बदलतो, कागद एकेक करून बदलावा लागतो आणि प्रत्येक ठिकाणी आधीच्या बदलाचा पुरावा मागतात. बाहेर बसलेल्या तपासनीसाला ही विसंगती दिसली की तो अर्ज बाजूला ठेवतो. नवा जिल्हा कधी झाला हे शोधण्याइतकी सवड त्याला नसते. पांढुर्ण्याचं नाव बाहेरच्यांना पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ठाऊक होतं, जाम नदीतल्या गोटमारीमुळे. जिल्हा म्हणून ते त्यांच्या कानावर पडलेलं नाही.

इथे आमच्या लोकांबद्दलही बोलायला हवं. मंडळांना कागदाच्या कामात मदत करताना मला जे दिसतं त्यातलं अर्धं दुखणं घरचंच आहे. मध्यप्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम 1973 खाली सात माणसं जमली की संस्था नोंदवता येते. नोंदवतातही, मोठ्या उत्साहानं, हार-नारळ घेऊन. पुढे धारा 27 ची कार्यकारिणीची यादी आणि धारा 28 चा ऑडिट झालेला हिशेब दरवर्षी द्यायचा असतो, तिथे सगळे थंड होतात. ठरावाचं रजिस्टर कोरं. खर्चाची बिलं कुणाच्या तरी खिशात धुऊन निघालेली. वर्षानुवर्षं मान्यता न मिळालेला अध्यक्ष आणि कधी राजीनामा न दिलेला आधीचा अध्यक्ष, दोघंही सह्या करतात. काम मात्र खरं असतं, रक्त खरंच दिलेलं असतं, पोरं खरंच शिकलेली असतात. पुरावा तेवढा नसतो. त्यातली काही मंडळं मग विधायकांच्या स्वेच्छानुदानासाठी हेलपाटे घालतात, कारण तिथे कागद कमी आणि ओळख जास्त लागते. मिळालं तर एकदाच मिळतं. त्यातून सतरंज्या आणि माइक येतात. आमच्या मंडळांकडे सतरंज्या आणि माइक भरपूर आहेत.

ज्यांनी अनुदानाची वाट न पाहता स्वतःचा मार्ग काढला असेही आहेत. सौंसर तहसिलीतल्या पारडसिंगा गावात (काटोलजवळचं अनसूया मातेचं नव्हे, आपलं) मूर्तिकार श्वेता भट्टड आणि त्यांच्या साथीदारांचा ग्राम आर्ट प्रोजेक्ट देशी कापसाच्या सुताची, आत बिया असलेली राखी बनवतो. गावातल्या बायांना तिच्यातून काम मिळतं आणि राखी देशभर विकली जाते. मला याचं फार कौतुक आहे. पण प्रत्येक मंडळाला विकण्यासारखं काही नसतं. अभ्यासिका काय विकणार? रक्तदात्यांची यादी कुणाला विकायची? ज्या कामातून पैसा निघत नाही त्यासाठीच तर अनुदान ही गोष्ट जगात आहे.

वाचनालयांचं उदाहरण मला सगळ्यांत जास्त खुपतं. हद्दीपलीकडच्या नरखेड, काटोल, सावनेर इथल्या सार्वजनिक वाचनालयांना महाराष्ट्राचा 1967 चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा लागू आहे. त्या कायद्यानं वाचनालयाला अ, ब, क, ड असा वर्ग मिळतो आणि वर्गाप्रमाणे वार्षिक अनुदान. अनुदान उशिरा येतं, अपुरं असतं, तिथले ग्रंथपाल त्यासाठी मोर्चे काढतात. पण मोर्चा काढायला निदान हक्काचं काही आहे. इकडे तीच मराठी, तीच पुस्तकं, तशीच पोरं. पण मध्यप्रदेशात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदाच नाही. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत आम्ही इकडे राहिलो याचं दुःख उगाळण्याचं हे वय नाही. अंतर मात्र काही किलोमीटरचं आहे, तेवढं लक्षात आणून देतो. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान खाजगी संस्थांच्या वाचनालयांनाही मदत करतं. त्याची माहिती आणि शिफारस तुमच्या कार्यालयातून जाऊ शकली तर मराठी पुस्तकांचं एखादं कपाट तरी भरेल. भोपाळच्या मराठी साहित्य अकादमीलाही एक पत्र गेलं तर बरं होईल. तिचे कार्यक्रम आम्हाला वर्तमानपत्रात वाचायला मिळतात, पण मराठी बोलणारे सगळेच इंदूर-भोपाळ-ग्वाल्हेरात राहत नाहीत.

खनिजाच्या पैशाबद्दल थोडक्यात. बालाघाट, भंडारा, नागपूर पट्ट्यातलं मँगनीज ज्या खडकांत सापडतं त्यांना भूशास्त्रात 'सौंसर समूह' म्हणतात. नाव आमच्या गावाचं, मोठ्या खाणी दुसऱ्यांच्या जिल्ह्यात, आणि कोळसा छिंदवाड्यात राहिला. खाण कायद्यातल्या 2015 च्या दुरुस्तीनं खाणवाल्यांना रॉयल्टीच्या 10 किंवा 30 टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात भरावी लागते आणि त्या प्रतिष्ठानाची सूत्रं कलेक्टरांकडे असतात. आपल्या वाट्याला थोडंच येत असेल. जे येतं त्यातून कोणत्या गावात काय झालं याची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली, तर पुढच्या वर्षी काय मागायचं हे गावाला कळेल. याहून जास्त मागणं या पत्रात घालत नाही.

आता मुख्य मागणं. जनसुनवाई मंगळवारीच असते आणि लोक तालुक्याच्या गावाहून, पाड्यावरून आधीच आलेले असतात. त्या दिवशी तिथेच एक टेबल संस्थांसाठी ठेवा. महिन्यातून एक मंगळवार पांढुर्ण्यात आणि एक सौंसरला एसडीएम कार्यालयात एवढंही पुरेल. टेबलावर काय व्हावं? दर्पणचा क्रमांक काढून द्यावा. 12अ चा पहिला अर्ज आयकराच्या पोर्टलवर भरून द्यावा. धारा 27 आणि 28 ची थकबाकी किती वर्षांची आहे ते पाहून ती कशी निपटायची ते सांगावं. आणि 'आधी छिंदवाडा, आता पांढुर्णा' असं तुमच्या सही-शिक्क्याचं एक छापील प्रमाणपत्र मागेल त्या संस्थेला द्यावं, म्हणजे पत्त्याचा घोळ एका कागदात संपेल. या शेवटच्या गोष्टीला तर खर्चही नाही.

सीएचा प्रश्न उरतो. आमच्याकडची कितीतरी मुलं नागपुरात सीए झाली, तिथेच राहिली आणि पोळ्याला, दिवाळीला गावी येतात. त्यांना जिल्ह्याकडून बोलावणं गेलं तर वर्षातून दोन दिवस फुकट द्यायला बरेच जण तयार होतील. आम्ही मंडळांनी फोन केला की ते 'बघतो' म्हणतात. कलेक्टर कार्यालयातून फोन गेला की तारीख सांगतील.

ज्यांचं काम लहान आहे त्यांनी वेगळी नोंदणी करूच नये, असंही माझं मत आहे. शेजारच्या आठ-दहा गावांच्या मंडळांनी मिळून एकच संस्था काढावी. एक हिशेब, एक ऑडिट, एक सीएसआर-1. प्रत्येक गावात अध्यक्ष हवा या हौसेपायी आपण कागदाचा बोजा दसपट करून घेतला आहे. हे आमचं आम्हालाच करावं लागेल. पण राज्याच्या जन अभियान परिषदेची नवांकुर संस्था आणि प्रस्फुटन समित्यांची रचना गावोगाव पोचलेली आहे. तिच्या बैठकीत हा विषय निघाला तर लोक मनावर घेतील. हौस सोडायला बाहेरचं निमित्त लागतं.

विदेशी देणगीचा विषय मी मुद्दाम काढत नाही. त्यासाठी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एका ठरावीक शाखेत खातं उघडावं लागतं. आमच्या मंडळांचं खातं गावच्या शाखेतही अजून अध्यक्षाच्या वैयक्तिक नावावर असतं. आधी तेवढं नीट होऊ दे.

बोरगावच्या कंपन्यांना चहाला बोलवायचं ते या टेबलानंतर, आधी नाही. हातात दहा-पंधरा संस्थांची यादी असावी: नाव, गाव, काम, तीन वर्षांचे ऑडिट झालेले आकडे आणि लागणारी रक्कम. रक्कम लहान असेल, कुणाला भाडं, कुणाला एक संगणक, कुणाला महिन्यातून दोनदा नागपूरला जाणाऱ्या गाडीचं डिझेल. मोठ्या कंपनीला एवढी लहान रक्कम देणं त्रासाचं वाटतं, कारण कागद तेवढेच लागतात. म्हणूनच यादी एकत्र हवी.

सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरुवात झाली तर उत्तम. पोळा आणि गोटमार आटोपलेले असतात, तुमच्या पोलीस बंदोबस्ताचा ताण उतरलेला असतो आणि आंबिया बहाराच्या तोडीला अजून जरा वेळ असतो. तोड सुरू झाली की बागेतून कुणी हलणार नाही. टेबल, खुर्ची आणि चालणारं इंटरनेट तुमचं. हिंदी-इंग्रजी फॉर्म मराठीत समजावून भरून देणारी माणसं आम्ही आणू. बहुतेक निवृत्त शिक्षक असतील, त्यामुळे बोलतील थोडं जास्त.

आपला,
सौंसर तहसिलीतला एक रहिवासी