एका फळीवरची रेल्वे

पुण्यात कोथरूडचं जोशी रेल्वे संग्रहालय बघून बाहेर पडलं की मुलं घरी तशीच छोटी रेल्वे हवी म्हणून हट्ट धरतात आणि आईबाप म्हणतात, "आपल्याकडे जागा कुठे आहे?" भाऊ जोशींनी १९९८ मध्ये लोकांसाठी खुलं केलेलं ते छोटं शहर बघून असं वाटणं साहजिक आहे. तरी माझं आग्रहाचं सांगणं आहे, वेगळ्या खोलीची वाट बघत बसू नका. घरात चार-पाच फूट लांब आणि फूटभर रुंद फळी मावत असेल, तर कामाला लागा.

गाडी गोल फिरलीच पाहिजे, हा हट्ट आधी सोडा. जागा खातात ती वळणं. एचओ प्रमाणात, म्हणजे मुळाच्या ८७ पट लहान, पूर्ण फेरी घालायची तर निदान अडीच-तीन फूट रुंद टेबल लागतं. शंटिंग, म्हणजे डबे मागेपुढे नेऊन हव्या त्या क्रमाने जोडणं, मात्र सरळ फळीवर होतं, आणि त्यात डोकंही चालतं. अ‍ॅलन राइट या इंग्लिश छांदिष्टाची 'इंगलनुक' रचना बघा. दोन सांधे, तीन सायडिंग, एक इंजिन, आठ वाघिणी. एका सायडिंगवर पाच वाघिणी मावतात, बाकी दोन्हींवर तीन-तीन, आणि पुढच्या रुळावर इंजिन व फक्त तीन वाघिणी. चिठ्ठ्या टाकून पाच वाघिणी काढायच्या आणि त्याच क्रमाने गाडी जोडायची. असे क्रम ६,७२० होतात. रोज रात्री जेवणानंतर एक डाव टाकलात, तरी वर्षानुवर्षं पुरतील.

विषय परदेशातलाच घ्यायला हवा असं नाही. १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर गेजची होती. त्याला ८७ ने भागा, पावणेनऊ मिलिमीटर येतात. बाजारात एन गेजचा रूळ नऊ मिलिमीटरचा मिळतो! म्हणजे त्या रुळावर एचओ मापाची बार्शी लाइन जवळपास अचूक बसते. एकेरी फलाट, कडुनिंब, मालधक्का, एवढ्यावर स्टेशन उभं राहतं.

हा छंद स्वस्त नाही, हे खरं. म्हणून पैसे इंजिन, रूळ आणि सांधे यांवर घाला. बाकीचं हातांनी करा. एचओमध्ये एक फूट म्हणजे साडेतीन मिलिमीटर, एवढं लक्षात ठेवलं की लग्नपत्रिकेच्या जाड कागदातून स्टेशनची इमारत कापता येते. सात फुटी दार साडेचोवीस मिलिमीटर उंच. खडीसाठी बारीक वाळू चाळा, पाण्यात कालवलेला फेव्हिकॉल थेंबथेंब सोडा आणि रात्रभर हात लावू नका. इंजिनाला वीज रुळातूनच मिळते. रूळ मळला की गाडी अडखळते, पावसाळ्यात तर जास्तच. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या फडक्याने तो पुसा; सँडपेपर लावू नका, चरे पडतात आणि त्यांत मळ बसतो.

आणि तुमच्या घरचं कुणी लातूर, बार्शी किंवा पंढरपूरकडचं असेल, तर पहिला रूळ ठोकण्याआधी त्यांच्याशी बोला. बार्शी लाइन आता ब्रॉडगेज झाली आहे. स्टेशनच्या भिंती कुठल्या रंगाच्या होत्या, पाण्याची टाकी फलाटाच्या कुठल्या टोकाला होती, वारीत गर्दी कुठे बसायची, हे सांगणारी माणसं अजून आहेत. त्यांना विचारून वहीत लिहून घ्या, जुने फोटो मागा, मगच आराखडा काढा.