आधी नक्कल, मग रीबिल्ड
रेड-५ अ‍ॅरेमधली एक डिस्क गेली तरी सर्व्हर चालूच राहतो, आणि खरा धोका तिथेच सुरू होतो. नवी डिस्क लावून रीबिल्ड सुरू केलं की उरलेल्या प्रत्येक डिस्कचा सेक्टर न् सेक्टर वाचावा लागतो. वर्षानुवर्षं कुणी न उघडलेल्या फाइलीखालचा खराब सेक्टर नेमका तेव्हाच आडवा येतो, आणि तो भरून काढायला आता जादा पॅरिटी उरलेली नसते. म्हणून कळकळीने सांगतो, घाई करू नका. आधी स्मार्टक्टलने प्रत्येक डिस्कचे पेंडिंग, म्हणजे वाचता न आलेले, सेक्टर पाहा. ते दिसले तर अ‍ॅरे थांबवा आणि डीडीरेस्क्यूने त्या डिस्कची नक्कल धडधाकट डिस्कवर घ्या. हे साधन सहज वाचता येणारा भाग आधी उचलतं, अडलेल्या जागांकडे नंतर वळतं आणि सगळ्याची नोंद मॅपफाइलीत ठेवतं. काम मध्येच तुटलं तरी तिथूनच पुढे जाता येतं. मग ती नक्कल घेऊन अ‍ॅरे उभा करा, रीबिल्ड त्यानंतर. आणि अ‍ॅरे पूर्ववत झाला की दरमहा स्क्रब, म्हणजे सगळ्या डिस्क वाचून तपासणी, लावाच: सगळ्या डिस्क जाग्यावर असताना सापडलेला खराब सेक्टर पॅरिटीवरून पुन्हा लिहिला जातो.